दहा प्रतींचं मासिक आणि उद्याचं जग

नमस्कार. आजचा विषय विज्ञानकथेतल्या समलिंगी माणसांचा आहे, आणि तितकाच विज्ञानकथा वाचणाऱ्यांचाही. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली येतील. मासिकं, चाहत्यांची मंडळं, त्यांची संमेलनं, वाचकांनी मतदान करून द्यायचे पुरस्कार हा सगळा संसार प्रामुख्याने तिथे थाटला गेला, आणि हे भांडणही तिथेच, उघडपणे, लेखी नोंदी मागे ठेवून झालं.

एक समज फार पसरलेला आहे. विज्ञानकथा म्हणजे भविष्याचा आणि वेगळ्या जगांचा विचार, तेव्हा ती लिहिणारे-वाचणारे मुळातच मोकळ्या मनाचे असणार. सहा पायांचा परग्रहवासी ज्याला चालतो, त्याला शेजारच्या घरात एकत्र राहणारे दोन पुरुष कशाला खुपतील? ऐकायला पटतं, पण घडलं तसं नाही. या साहित्याच्या पहिल्या तीन-चार दशकांत प्रकाशाहून वेगाने धावणारी यानं होती, दुसऱ्याचं मन वाचणारे लोक होते, गेलेल्या काळात जाऊन येणारे प्रवासी होते. एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मात्र जवळपास नव्हत्याच, आणि क्वचित दिसल्या तर खलप्रवृत्तीच्या किंवा आजारी म्हणून. कल्पनाशक्ती भरपूर होती, पण ती या दारापाशी येऊन थांबत होती. हे दार उघडलं ते वाचकांनी. टाइपरायटर, टपाल आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःसाठी जागा करून घेतली. लेखक त्यांच्या आगेमागे आले, आणि टेलिव्हिजन तर फार उशिरा. आज मला मुख्यतः या वाचकांबद्दल सांगायचं आहे.

सुरुवात १९२६पासून करू. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापली जात, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही. दूरदूरच्या गावांतली, बहुधा एकटी पडलेली, वाचनवेडी मुलं-मुली या पत्त्यांवरून एकमेकांना पत्रं लिहू लागली. त्या पत्रव्यवहारातून मंडळं निघाली, आणि मंडळांतून हाताने टाइप केलेली, सायक्लोस्टाइल केलेली छोटी मासिकं, ज्यांना पुढे फॅनझीन म्हणू लागले. संपादक तेच, लेखक तेच, टपालाचा खर्चही त्यांचाच. आपलं म्हणणं छापायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, हा धडा एका अख्ख्या पिढीने इथे गिरवला.

लॉस एंजलिसचं विज्ञानकथा मंडळ १९३४मध्ये सुरू झालं. तरुणपणी रे ब्रॅडबरी तिथे जात असत. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर त्या मंडळात एक तरुणी येऊ लागली. तिचं खरं नाव एडिथ आइड, पण फॅनडममध्ये, म्हणजे या चाहत्यांच्या वर्तुळात, ती 'टायग्रिना' या नावाने लिहायची. दिवसा ती आर. के. ओ. या चित्रपट कंपनीत टंकलेखिका-सचिव होती. तिला काम फारसं नसे, पण साहेबांची ताकीद होती की विणकाम करायचं नाही, पुस्तक वाचायचं नाही, सतत कामात असल्यासारखं दिसायचं. मग ती टाइप करत राहिली. जून १९४७मध्ये तिने 'व्हाइस व्हर्सा' नावाच्या मासिकाचा पहिला अंक काढला. तो समलिंगी स्त्रियांसाठी होता. या प्रकारचं अमेरिकेतलं ज्ञात असलेलं हे पहिलं नियतकालिक.

ते कसं तयार होई ते नीट पाहू, कारण सगळी गंमत त्या कष्टांत आहे. टाइपरायटरमध्ये वरचा कागद आणि त्याखाली कार्बन लावून आणखी चार, अशा पाच प्रती एका वेळी निघत. शेवटची प्रत फिकट यायची. मग तोच मजकूर पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचा, म्हणजे आणखी पाच. महिन्याला दहा प्रती. त्यात पुस्तकांची आणि नाटक-चित्रपटांची परीक्षणं, कविता, संपादकीय, वाचकांची पत्रं. नाव कुणाचंही नाही, संपादिकेचंसुद्धा नाही. पहिले काही अंक तिने टपालाने पाठवले, तेव्हा एका मैत्रिणीने सावध केलं. अमेरिकेत १८७३पासून कॉमस्टॉक कायदा होता आणि 'अश्लील' मजकूर टपालातून पाठवणं हा गुन्हा होता. अंकात अश्लील असं काहीच नव्हतं, पण दोन स्त्रियांचं प्रेम हाच विषय पुरेसा ठरला असता. त्यानंतर ती अंक हातोहात देऊ लागली. वाचून झाला की टाकू नका, पुढच्या मैत्रिणीला द्या, एवढीच विनंती. नऊ अंक निघाले. फेब्रुवारी १९४८मध्ये मासिक थांबलं, कारण नोकरी बदलली आणि नव्या ठिकाणी तो एकांत नव्हता.

मासिकाच्या एका लेखात तिने भविष्यही सांगितलं होतं. एक दिवस अशी मासिकं इतर मासिकांच्या शेजारी दुकानात उघड विकली जातील, आपल्यासारख्या स्त्रिया इथून कुठे जाणार नाहीत, आणि कदाचित हे छोटं पत्र त्यांची पहिली पायरी ठरेल, अशा आशयाचं. १९४७ साली हे लिहिणं म्हणजे अस्सल विज्ञानकथालेखन होतं असं मी मानते. त्या दशकातल्या नामवंत लेखकांची अणुबॉम्ब आणि अग्निबाणांबद्दलची भाकितं आपण कौतुकाने उगाळतो. टायग्रिनाचं भाकीत त्यांच्याइतकंच धाडसी होतं आणि ते शब्दशः खरं ठरलं. पुढे ती 'लिसा बेन' या टोपणनावाने ओळखली गेली. २०१५मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन ती वारली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली होती.

त्याच मंडळात जिम केप्नर नावाचा तरुण होता. तोही फॅनझीन काढायचा. पन्नासच्या दशकात तो 'वन' या समलिंगींच्या मासिकात लिहू लागला. टपालखात्याने हे मासिक अडवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५८मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला. केप्नरने आयुष्यभर कात्रणं, पत्रं, पत्रकं जमवली. त्या संग्रहातून पुढे समलिंगी इतिहासाचं एक मोठं अभिलेखागार उभं राहिलं. जुनी मासिकं जपायची, अंकांचे क्रमांक लावायचे, एकही अंक हरवू द्यायचा नाही, ही विज्ञानकथेच्या चाहत्याची सवय इथे इतिहासाच्या कामी आली.

म्हणजे ते मंडळ फार उदार होतं का? नव्हतं. १९४८मध्येच फ्रान्सिस टाउनर लेनी या चाहत्याने मंडळातल्या आपल्या वर्षांच्या आठवणी लिहून चाहत्यांमध्ये वाटल्या. फॅनडमच्या इतिहासातलं हे एक गाजलेलं लेखन आहे. त्यात मंडळातल्या समलिंगी सदस्यांबद्दल पानोपानी विष आहे. कोण 'तसा' आहे, कुणावर संशय आहे, त्यांच्यामुळे मंडळ कसं नासलं, असा सगळा सूर. लोक त्या काळी ते चवीने वाचत होते. त्या एका खोलीत टायग्रिना होती, केप्नर होता आणि लेनीही होता. फॅनडम सहिष्णू होतं की असहिष्णू, असं कुणी विचारलं की मला ही खोली आठवते. ते एकसंध कधीच नव्हतं. फक्त तिथे प्रत्येकाच्या हाताशी टाइपरायटर होता, आणि गप्प बसवणं कठीण होतं.

आता एका कथेकडे वळते. १९५३च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक आदेश काढला, ज्याच्या आधाराने समलिंगी असल्याच्या कारणावरून सरकारी नोकरांना काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी जूनच्या 'युनिव्हर्स सायन्स फिक्शन'मध्ये थिओडोर स्टर्जन यांची 'द वर्ल्ड वेल लॉस्ट' ही कथा आली. आधी ती ज्या संपादकाकडे गेली होती त्याने नाकारलीच, शिवाय इतर संपादकांना फोन करून छापू नका म्हणून सांगितलं, असं सांगितलं जातं. एवढं काय होतं त्यात?

पृथ्वीवर दोन परग्रहवासी येतात. डिरबानू नावाच्या ग्रहावरून पळून आलेले. एकमेकांत इतके रमलेले की सगळी पृथ्वी त्यांच्यावर लुब्ध होते, लोक त्यांना प्रेमपाखरं म्हणू लागतात. डिरबानू मात्र पृथ्वीशी संबंध ठेवायला तयार नसतो. पृथ्वीच्या लोकांना पाहून त्यांना किळस येते, आणि का ते कुणाला कळत नाही. मग तिथून निरोप येतो की हे दोघे गुन्हेगार आहेत, परत पाठवा. दोन माणसांचं एक यान त्यांना घेऊन निघतं. कॅप्टन रूट्स बडबड्या, बायकांच्या गोष्टी सांगणारा. त्याचा जोडीदार ग्रंटी धिप्पाड आणि जवळपास मुका. वर्षानुवर्षं हे दोघे एकत्र उड्डाणं करत आलेले. वाटेत ग्रंटीला कळतं की कैद्यांना मन वाचता येतं. तो हादरतो, कारण त्याच्या मनात एक गोष्ट आहे जी त्याने कधीच कुणाला सांगितलेली नाही. त्यांना मारून टाकायचं असं तो ठरवतो. तेव्हा ते दोघे त्याला चित्रं काढून दाखवतात. डिरबानूचा पुरुष असा, डिरबानूची स्त्री अशी. दोघांत इतका फरक की एकाच जातीचे वाटूच नयेत. ग्रंटीला उलगडा होतो. आपल्यासमोरचे दोघेही पुरुष आहेत. आणि पृथ्वीवरचे स्त्री-पुरुष दिसायला इतके सारखे, म्हणूनच डिरबानूला आपली किळस येते. तो त्यांना यानातल्या जीवनौकेत बसवून सोडून देतो.

रूट्सला कळतं तेव्हा तो तिटकाऱ्याने बोलतो. ग्रंटी ऐकून घेतो. त्याचं प्रेम याच रूट्सवर आहे. ते रूट्सला कधीही कळणार नाही, कारण कळलं तर दोघांचं एकत्र उडणं संपेल. स्टर्जन इथे उपदेश करत नाहीत, भाषण देत नाहीत. ते वाचकाला आधी प्रेमपाखरांच्या प्रेमात पाडतात आणि मग सांगतात की हे दोघे कोण आहेत. तोवर वाचकाला मागे फिरायला वाट उरलेली नसते. सहानुभूती आधी, ओळख नंतर, हा क्रम मला या कथेतलं सगळ्यांत मोठं कसब वाटतं. तिची मर्यादाही याच क्रमात आहे. १९५३मध्ये मोकळं सुटायला परग्रहवासी लागले. माणूस ग्रंटी कोंडलेलाच राहिला.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पहारा सैल झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेले, कृष्णवर्णीय आणि समलिंगी असलेले सॅम्युअल डिलेनी यांनी पंचवीस-सव्विसाव्या वर्षापर्यंत नेब्युला हा विज्ञानकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार एकाहून अधिक वेळा मिळवला होता. 'आय, अँड गोमोरा' ही त्यांची १९६७ची कथा अंतराळवीरांची आहे. त्यांना नपुंसक करून अंतराळात धाडलं जातं आणि त्यांच्याबद्दलच आसक्ती असलेला एक वर्ग पृथ्वीवर तयार होतो. डिलेनींवर स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल, म्हणून इथे थांबते. जोआना रस यांच्याबद्दल मात्र थोडं सांगितलंच पाहिजे. त्यांच्या 'व्हेन इट चेंज्ड' या १९७२च्या कथेत व्हाइलअवे नावाच्या वसाहतीत पुरुष शतकांपूर्वीच साथीत मेलेले आहेत. स्त्रिया लग्नं करतात, मुली वाढवतात, शेती करतात, द्वंद्वही खेळतात. मग पृथ्वीवरून पुरुष येतात आणि आजूबाजूला पाहून विचारतात, तुमची माणसं कुठे आहेत? समोर माणसं उभी असतात. या कथेला नेब्युला मिळाला, आणि चिडलेल्या पुरुष वाचकांची पत्रंही आली.

अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही १९६९ची कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. गेथेन या गोठलेल्या ग्रहावरचे लोक एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातून काही दिवस 'केमर' येतो, तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही कोणत्याही बाजूला झुकू शकतं. जो एकदा बाप झाला तोच पुढे आई होऊ शकतो. ग्रहांच्या एका संघाचा दूत असलेला, मूळचा पृथ्वीवरचा गेनली आय आणि गेथेनचा पदच्युत मंत्री एस्ट्राव्हेन हिमनदीवरून स्लेज ओढत आठवडेच्या आठवडे चालतात. रात्री एका छोट्या तंबूत झोपतात. एस्ट्राव्हेनला केमर येतो आणि त्या तंबूत दोघांनाही एकमेकांबद्दल काय वाटतं ते लपत नाही. ते बोलतात, आणि स्पर्श करत नाहीत. वाचकांच्या मतदानाने दिला जाणारा ह्यूगो आणि नेब्युला असे दोन्ही पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतलं हे सगळ्यांत हळवं प्रकरण आहे.

स्त्रीवादी आणि समलिंगी वाचकांनी ले ग्विन यांना धारेवर धरलं ते इथेच. ज्या लोकांना लिंगच नाही त्यांना सरसकट 'तो' का म्हणता? केमरमध्ये एक पुरुष झाला की दुसरी स्त्रीच का होते? दोघी स्त्रिया का होत नाहीत? १९७६च्या लेखात ले ग्विन यांनी स्वतःची बाजू लढवली. साधारण दशकभराने त्यांनी तोच लेख पुन्हा हाती घेतला, जुना मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि त्याच्यामध्येच नव्या टिपा घातल्या. गेथेनच्या लोकांना आपण विनाकारण भिन्नलिंगी नात्यांत कोंडलं, असं त्यांनी तिथे स्वच्छ शब्दांत मान्य केलं. १९९५मध्ये 'कमिंग ऑफ एज इन कारहाइड' ही कथा लिहून त्या पुन्हा त्या ग्रहावर गेल्या, आणि या वेळी केमरच्या घरातली दारं सगळ्या बाजूंना उघडी होती. एवढी मान्यता मिळालेल्या लेखिकेने वाचकांचं म्हणणं वीस-पंचवीस वर्षं मनात वागवावं आणि त्याला लेखनातून उत्तर द्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं. जुना मजकूर खोडला नाही, हे तर त्याहून.

आता 'स्टार ट्रेक'. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखवली आणि टोकदार कानांचा स्पॉक मराठी घरांतही ओळखीचा झाला. अमेरिकेत ती १९६६मध्ये सुरू झाली आणि तीन वर्षांत बंद पडली, पण चाहत्यांनी ती जिवंत ठेवली. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. यानाचा कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्या मैत्रीत त्यांना मैत्रीपलीकडचं काही दिसत होतं आणि त्याबद्दल त्या खासगीत लिहीत होत्या. छापील रूपात आलेली पहिली अशी गोष्ट १९७४ची. ऑस्ट्रेलियातल्या डायान मार्चंट यांनी 'ग्रुप' या फॅनझीनच्या तिसऱ्या अंकात एक छोटा तुकडा लिहिला. त्यात दोन्ही पात्रांची नावं नाहीत. नाव न घेता लिहायचं, टायग्रिनासारखंच. त्यावर फॅनडममध्ये वर्षानुवर्षं वाद पेटले. आमच्या नायकांची विटंबना केली, असं म्हणणारे होते. ही फॅनझीन विकायची तर गुपचूप, ओळखीच्या ओळखीने. तरीही हे लेखन वाढत गेलं आणि आज जगभर, अनेक भाषांत, लाखोंनी लोक ते लिहितात-वाचतात.

मालिका बनवणाऱ्यांची गती मात्र पाहा. १९८७मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका सुरू होत असताना लेखक डेव्हिड जेरॉल्ड यांनी एड्सच्या साथीचं रूपक असलेली पटकथा लिहिली. तिच्यात यानावरचं एक पुरुष जोडपं सहज वावरताना दिसणार होतं. ती कधी चित्रित झाली नाही. जेरॉल्ड मालिकेतून बाहेर पडले. बॉस्टन परिसरातल्या समलिंगी चाहत्यांनी 'गेलॅक्सियन्स' नावाने संघटना बांधली होती. त्यांनी पत्रांची मोहीम चालवली, की चोविसाव्या शतकात आम्ही उरलोच नाही का, ते तरी सांगा. १९९१मध्ये निर्माते जीन रॉडनबेरी यांनी जाहीरपणे शब्द दिला की पुढच्या हंगामात समलिंगी कर्मचारी दिसतील. त्याच ऑक्टोबरमध्ये ते वारले. १९९२मध्ये आला तो 'दि आउटकास्ट' हा भाग, लिंगविरहित समाजातल्या एका बंडखोर व्यक्तीचा. पण ती भूमिका एका अभिनेत्रीला दिलेली होती. समोर पुरुष नट असायला हवा होता, असं त्या व्यक्तीच्या प्रेमात पडणाऱ्या रायकर या अधिकाऱ्याचं काम करणारे जॉनथन फ्रेक्स स्वतःच म्हणाले. 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या १९९५च्या 'रीजॉइन्ड' या भागात दोन स्त्रियांचं चुंबन दाखवलं गेलं. त्या भागाची रचना मला आवडते. त्या दोघींच्या नात्यावर त्यांच्या समाजाची बंदी आहे, पण ती मागच्या जन्मीच्या नात्यामुळे. दोघी स्त्रिया आहेत याबद्दल अख्ख्या भागात कुणी एक शब्द काढत नाही.

नेहमीच्या जोडप्यासारखं जोडपं यायला २०१७ उजाडलं. 'डिस्कव्हरी' मालिकेत शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर रात्री एकसारख्या पायजम्यांत आरशासमोर उभे राहून दात घासतात आणि दिवसभराच्या कटकटींबद्दल बोलतात. इतकंच दृश्य. गेलॅक्सियन्सनी मागितलं होतं ते हेच, आणि त्याला तीस वर्षं लागली. जेरॉल्ड यांची ती पटकथा दरम्यान पडद्यावर आली होती, चाहत्यांनीच पैसे आणि कष्ट घालून काढलेल्या मालिकेत, २००८-०९मध्ये, जेरॉल्ड यांच्याच दिग्दर्शनाखाली. पुन्हा एकदा चाहतेच पुढे होते.

अलीकडच्या काळातली एक कथा आवर्जून वाचा. जॉन च्यू यांची 'द वॉटर दॅट फॉल्स ऑन यू फ्रॉम नोव्हेअर'. २०१४चा सर्वोत्तम लघुकथेचा ह्यूगो तिला मिळाला. तिच्या जगात कुणी खोटं बोललं की कुठूनतरी थंड पाणी त्याच्या अंगावर कोसळतं. का ते कुणालाच माहीत नाही. मॅटचं गसवर प्रेम आहे. मॅटचे आईवडील चिनी, त्यांची भाषा चिनी, आणि घरातल्या मुलाने वंश चालवावा ही अपेक्षा भिंतीसारखी उभी. नाताळला गसला घरी न्यायचंय आणि त्या घरात खोटं बोलायची सोय उरलेली नाही. आईवडिलांपुढे अर्धसत्य बोलून वेळ मारून नेण्याचं जे कौशल्य आपल्या घरांतही मुलं आत्मसात करतात, तेच या कथेत एका झटक्यात निकामी होतं. शेवट सांगत नाही.

पुढच्या वर्षी मोठं वादळ झालं. विज्ञानकथा संदेशांच्या आणि अस्मितांच्या नादी लागली आहे, असं म्हणणाऱ्या लेखक-चाहत्यांच्या दोन गटांनी नामांकनांसाठी ठरवून याद्या केल्या आणि २०१५च्या ह्यूगोची नामांकनं बरीचशी काबीज केली. च्यू यांच्या कथेत विज्ञानकथा आहेच कुठे, असं विचारणारे त्या बाजूला पुष्कळ होते. न विचारता यादीत नाव घातलं गेल्याने काही लेखकांनी नामांकन मागे घेतलं. त्या वर्षीचे पुरस्कार अमेरिकेतल्या स्पोकेनच्या संमेलनात द्यायचे होते. त्यासाठी जवळपास सहा हजार लोकांनी मतं दिली, आणि पाच विभागांत 'पुरस्कार नाही' हा पर्याय जिंकला. काही चांगले संपादक त्यात भरडले गेले, याचं मला वाईट वाटतं. तरी वाचकांनी तो निकाल मतपेटीतून दिला, हे मला बरोबरच वाटतं.

शेवटी ऑर्सन स्कॉट कार्ड. प्रश्नोत्तरांसाठी आलेल्या चिठ्ठ्यांत तीन त्यांच्याबद्दलच्या आहेत, म्हणून इथेच बोलते. 'एंडर्स गेम' आणि 'स्पीकर फॉर द डेड' या त्यांच्या कादंबऱ्यांना लागोपाठ दोन वर्षं ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले. दुसऱ्या कादंबरीत एका ग्रहावरचे छोटे जीव एका मानव शास्त्रज्ञाला फाडून मारतात. माणसांना तो क्रूर खून वाटतो. हळूहळू कळतं की त्यांच्या लेखी तो सर्वोच्च सन्मान होता. दुसऱ्याच्या जगण्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय त्याचा न्याय करू नका, असं सांगणारं इतकं ताकदीचं पुस्तक विज्ञानकथेत फार थोडं आहे. आणि याच लेखकाने १९९०मध्ये लिहिलं की समलिंगी वर्तनाविरुद्धचे कायदे पुस्तकात राहू द्यावेत, आणि उघडपणे तसं जगणाऱ्यांना समान नागरिक म्हणून स्वीकारता येणार नाही, हा संदेश देण्यासाठी गरज पडेल तेव्हा वापरावेत. २००९मध्ये ते समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या संचालक मंडळावर गेले.

२०१३च्या नोव्हेंबरमध्ये 'एंडर्स गेम'चा चित्रपट येणार होता. समलिंगी चाहत्यांच्या एका संघटनेने तो पाहू नका असं आवाहन केलं. त्यावर कार्ड यांनी निवेदन काढलं की विवाहाचा प्रश्न आता निकालात निघाल्यासारखा आहे, आणि जिंकलेली बाजू मतभेद असणाऱ्यांबाबत सहिष्णुता दाखवते का, ते आता दिसेल.

या मागणीचा मी गांभीर्याने विचार केला आहे. एखाद्याच्या मताबद्दल सहिष्णुता मागणं रास्त आहे. कार्ड यांचं मत त्यांना असू द्यावं, त्यांची पुस्तकं छापली जावीत, ग्रंथालयात असावीत. पण त्यांनी इतरांसाठी जे मागितलं होतं ते मताच्या पातळीवर थांबणारं नव्हतं. ते कायद्याचं होतं, पोलिसांचं होतं. एकीकडे तिकीट न काढणं आणि दुसरीकडे तुरुंगाची तरतूद कायम ठेवणं, या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. चाहत्यांनी कुणाला गप्प केलं नाही. त्यांनी स्वतःचे पैसे स्वतःच्या खिशात ठेवले, आणि तो त्यांचा हक्क होता.

चिठ्ठीत एकाने विचारलंय की ही पुस्तकं कपाटात ठेवू की काढून टाकू. ठेवा. 'स्पीकर फॉर द डेड' तर मुलांना जरूर द्या, सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर. वाचून झालं की लेखकाचा तो १९९०चा लेखही त्यांच्यापुढे ठेवा आणि त्या छोट्या जीवांबद्दल कादंबरीचा नायक एंडर जे शिकला ते लेखकाला माणसांबद्दल का लागू करता आलं नाही, हे त्यांनाच विचारा. आमच्या वाचनगटातल्या मुलांनी या प्रश्नावर दोन तास वाद घातला. शेवटी त्यातल्या एका मुलीने मागणी केली की पुढच्या महिन्यात जॉन च्यू घ्या. ती कथा आम्ही येत्या रविवारी वाचतो आहोत, ज्यांना यायचं असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवावं.